लाइट गेल्यावरही बोलणारा भोंगा

सदर : हाताला हुन्नर



पोलादपूर तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पत्र चार पानांचे, पण मुद्दा एकच. त्यांची वाडी डोंगराच्या कुशीत, खालून ओढा जातो. घरे जेमतेम पंधरा. पावसाळ्यात लाइट गेली की दोन-दोन दिवस येत नाही. रात्री ओढा चढू लागला की एकाने भर पावसात दारोदार धावत जाऊन हाका मारायच्या. कौलांवर पाऊस कोसळत असताना शेजारची हाकसुद्धा ऐकू येत नाही. त्यांचा मुलगा आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकला आहे. बॅटरीवर चालणारा भोंगा करून विहारात ठेवायचा, असे त्याने मनावर घेतले. त्यात दोन बोर्ड जळाले आणि तिसरा मध्येच बंद पडतो. ताई लिहितात, “घरचे म्हणतात, पैसे पाण्यात घालतोस. तुम्ही त्याला चार गोष्टी सांगा, नाहीतर नाद सोड म्हणून तरी सांगा.”

ताई, नाद सोड असे आम्ही सांगणार नाही. मुलाचा विचार योग्य आहे आणि त्याने निवडलेला आयसीही योग्य आहे. चुका तीन झाल्या आहेत आणि तिन्ही दुरुस्त होण्यासारख्या आहेत. दुसरी मुलेही हा उद्योग करत असतील, म्हणून उत्तर सदरातच देत आहोत.

गरज कशाची?

महाड-पोलादपूरच्या माणसाला ही गरज वेगळी सांगायला नको. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी आल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. सावित्री-गांधारीचे पाणी महाड शहरात शिरले. लाइट गेली, मोबाइल मुके झाले, रस्ते पाण्याखाली गेले.

दरड सुटल्यावर भोंगा कोणाला वाचवील, असे कोणी समजू नये. तेव्हा वेळच नसतो. पण त्याआधी कधी कधी काही तास मिळतात. ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते, जमिनीला भेगा दिसतात, खांब-झाडे कलतात. अशा वेळी “सगळ्यांनी उठा, शाळेत चला” हे एकदाच, सगळ्या घरांना, एकाच वेळी सांगता आले पाहिजे, आणि तेही लाइट नसताना. म्हणून या भोंग्याची खरी परीक्षा आवाजाच्या गोडीची नाही, बॅटरी किती पुरते याची आहे. सर्किटची आखणी याच एका गोष्टीभोवती करायची.

हा आयसी गरम का होत नाही?

जुन्या मेकॅनिकांना टेपरेकॉर्डरमधले एलए ४४४० आणि टीडीए २०३० हे आयसी पाठ असतात. त्यांच्या मागे ॲल्युमिनियमचा हीटसिंक लावावाच लागतो. का लागतो ते आंबेनळी घाटात गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला चटकन कळेल. हाफ क्लचवर गाडी चढवली की क्लचप्लेट घासते, तापते आणि डिझेल फुकट जाते. जुन्या आयसीतला ट्रान्झिस्टर असाच सतत अर्धवट उघडा राहून वीज सोडतो. पूर्ण जोरात असतानाही या जातीचा ॲम्प्लिफायर हिशेबाने ७८ टक्क्यांच्या वर वीज आवाजाला देऊ शकत नाही. साध्या बोलण्याला तर निम्म्याहून अधिक वीज हीटसिंक तापवण्यातच जाते.

आपल्या मुलाने घेतलेला पीएएम ८४०३ हा ‘क्लास-डी’ जातीचा आहे. यात ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू असतो, नाहीतर पूर्ण बंद. हाफ क्लच नाहीच. तो सेकंदाला सुमारे २ लाख ६० हजार वेळा चालू-बंद होतो. आवाजाची लाट वर गेली की ‘चालू’चा वेळ लांबतो, खाली गेली की आखडतो. आपल्या कानाला सेकंदाला २० हजार कंपनांच्या पलीकडचे ऐकू येत नाही, आणि स्पीकरच्या कॉइललाही एवढ्या वेगाने हलता येत नाही. ती फक्त सरासरी घेते, आणि ती सरासरी म्हणजेच आपला आवाज. आयसी जोरात चालत असताना त्याने घेतलेल्या विजेतली ८० टक्क्यांहून जास्त वीज स्पीकरला पोचते. म्हणून हीटसिंक नाही, आणि करंगळीच्या नखाएवढा आयसी ४ ओहमच्या स्पीकरला ३ वॅटपर्यंत देतो.

ही युक्ती नवी नाही. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९६४ सालीच एक्स-१० नावाचा असा संच विकायला काढला होता. तेव्हाचे ट्रान्झिस्टर एवढी जलद उघडझाप करू शकत नव्हते, म्हणून तो फसला. आता तेच तत्त्व मोबाइलमध्ये आणि टीव्हीत बसले आहे, आणि तयार बोर्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडला शंभर रुपयांच्या आत मिळतो.

पहिला बोर्ड : १२ व्होल्टचा घास

पहिल्या बोर्डाला चिरंजीवांनी यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी लावली. जुना टेपरेकॉर्डर १२ व्होल्टवर चालतो, मग हाही चालेल असे वाटले. हा आयसी २.५ ते ५.५ व्होल्टचा आहे. त्याच्या वर गेले की तो संपलाच.

याचा दुसरा अर्थ आपल्या फायद्याचा आहे. लिथियमचा एक सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट, मग बराच वेळ ३.७ च्या आसपास असतो. म्हणजे एक सेल या आयसीला थेट लावता येतो. मध्ये व्होल्टेज वाढवणारे दुसरे सर्किट नको, त्यात जाणारी वीजही वाचते. सेल दोन घ्यायचे तर एकाच जातीचे, सारखे चार्ज केलेले, आणि शेजारी-शेजारी, म्हणजे पॅरलल. एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले की ७.४ व्होल्ट होतात आणि पुन्हा बोर्ड जळतो. चार्जिंगचा बोर्ड सेलचे रक्षण करणारा घ्यावा. जुन्या लॅपटॉपचे फुगलेले किंवा गंजलेले सेल घरात आणू नयेत. ते आग लावतात.

पण ३.७ व्होल्टवर आवाज किती येणार? हिशेब सोपा आहे. व्होल्टचा व्होल्टने गुणाकार करावा आणि त्याला स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागावे. ८ ओहमच्या भोंग्याला ३.७ गुणिले ३.७ भागिले १६, म्हणजे सुमारे ०.८५ वॅट. एक वॅटसुद्धा नाही, असे वाटून कोणी नाराज होईल. पण भोंगा आणि साधा स्पीकर यांत फार फरक आहे. साधा कागदी स्पीकर एक वॅटला एक मीटरवर ८५ ते ९० डेसिबल आवाज देतो. भोंगा १०० ते १०८ देतो. २० डेसिबलचा फरक म्हणजे शंभर पट वीज वाचली. अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. चांगला भोंगा १०५ चा धरला तर ३२ मीटरवर ७४-७५ डेसिबल उरतो. शेजारी बसलेल्या माणसाच्या बोलण्याहून तो मोठा असतो.

मुसळधार पावसात एवढे पंधरा घरांना पुरेल का? घरे जवळजवळ असतील आणि भोंगा उंचावर, घरांकडे तोंड करून असेल तर बहुधा पुरेल. घरे विखुरलेली असतील तर नाही. मग १२ व्होल्टची बॅटरी खरोखरच वापरावी, पण तिच्यासाठीचा आयसी घ्यावा. टीपीए ३११० हा त्याच जातीचा, ८ ते २६ व्होल्टचा आहे. १२ व्होल्टवर ८ ओहमला तो ९ वॅटच्या आसपास देतो, म्हणजे दहा पट. खर्च थोडा वाढतो. स्पीकरची वायर निगेटिव्हला न लावण्याचा पुढचा नियम त्यालाही लागू आहे.

दुसरा बोर्ड : काळ्या वायरची चूक

ही चूक जुन्या कामात मुरलेल्या हातांकडूनच होते. जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये स्पीकरची एक वायर आयसीकडून येते आणि दुसरी बहुतेक वेळा ‘अर्थ’ला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते. चिरंजीवांनी त्याच सवयीने दोन्ही स्पीकरच्या काळ्या वायरी एकत्र करून निगेटिव्हला लावल्या.

या आयसीत स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत आहेत. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते. दोन माणसांनी करवत ओढावी तसे दोघे मिळून काम करतात. म्हणून तर एवढ्या कमी व्होल्टमध्ये एवढी ताकद मिळते. यातली एक वायर निगेटिव्हला बांधली की आयसीला आवाज नसतानाही सतत करंट द्यावा लागतो. आयसीत बचावाची सोय असते, पण तो मार रोज सहन होत नाही.

तेव्हा नियम असा : स्पीकरची कोणतीही वायर निगेटिव्हला, डब्याच्या पत्र्याला किंवा दुसऱ्या स्पीकरच्या वायरला लागता कामा नये. दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र जोडून ताकद वाढवण्याचा प्रयत्नही करू नये. भोंगा एकच असेल तर एकच बाजू वापरावी. दुसऱ्या बाजूचा इनपुट एका कपॅसिटरमधून निगेटिव्हला द्यावा आणि तिचे आउटपुट मोकळे सोडावे. स्पीकर ४ ओहमपेक्षा कमी नको.

तिसरा बोर्ड : पॉवर बँकेची झोप

तिसरा बोर्ड जळालेला नाही, तो चांगला आहे. चूक पॉवर बँकेची आहे, आणि तिचीही म्हणता येणार नाही. मोबाइल भरून झाला की बंद व्हावे अशीच ती बनवलेली असते. करंट फार कमी झाला की तिला वाटते, काम संपले. आपला आयसी गप्प असताना ५ व्होल्टवर सुमारे १६ मिलिअँपिअरच घेतो. बोलणारा श्वास घ्यायला थांबला की पॉवर बँक झोपते. आयसीचा गुण इथे अडचण झाला.

काही जण यावर उपाय म्हणून एक रेझिस्टन्स जोडून मुद्दाम वीज जाळतात. तसे करू नये. वीज वाचवण्यासाठी आयसी घ्यायचा आणि मग वीज फुंकायची, यात अर्थ नाही. वर सांगितल्याप्रमाणे सेल थेट लावावा. २००० मिलिअँपिअर-तासांचा एक सेल १६ मिलिअँपिअरने १२५ तास जातो, म्हणजे पाच दिवस. एलए ४४४० गप्प असतानाच शंभर-एक मिलिअँपिअर घेतो. तेवढाच साठा त्याला वीस तासही धड पुरणार नाही. प्रत्यक्ष बोलताना वीज जास्त जाते, पण बोलण्यात जोराचे क्षण थोडे आणि हलके जास्त असतात. एका सेलवर एक दिवस आणि एक रात्र अधूनमधून सूचना देणे सहज होते.

माईकपासून भोंग्यापर्यंत

आता आखणी सांगतो. चिरंजीवांनी वहीत उतरून घ्यावी.

माईक छोटा कंडेन्सर माईक घ्यावा. त्याला २.२ किलो-ओहममधून बॅटरीचा पॉझिटिव्ह द्यावा. तोंडाजवळ धरून बोलले तरी तो १०-२० मिलिव्होल्टच देतो. आयसी आलेला आवाज सुमारे १६ पट करतो. पूर्ण आवाजाला त्याला इनपुटवर पाव व्होल्ट तरी हवा. म्हणून मध्ये बीसी ५४७ चा एक टप्पा लागतो. कलेक्टरला ४.७ किलो-ओहम, एमिटरला १०० ओहम, कलेक्टर ते बेस १ मेगा-ओहम. माईक ते बेस १ मायक्रोफॅरड. याने आवाज १५-२० पट होतो. या टप्प्याला पॉझिटिव्ह सरळ देऊ नये. १०० ओहममधून द्यावा आणि तिथे १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर निगेटिव्हला लावावा, नाहीतर भोंगा गडगड करतो. पुढे १ मायक्रोफॅरडमधून १० किलो-ओहमचा व्हॉल्यूम, आणि त्याच्या मधल्या पायातून बोर्डाचा इनपुट.

इथे एक बारीक गोष्ट आहे. भोंग्याला खर्जाचा आवाज पेलत नाही. त्याचा पडदा फाटतो आणि बॅटरी फुकट जाते. आयसीच्या इनपुटला आत सुमारे १८ किलो-ओहम आहेत. बाहेरून ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ज्याच्यावर २२३ छापलेले असते, व्हॉल्यूम आणि इनपुट यांच्या मध्ये लावला की सुमारे ४०० कंपनांच्या खालचा आवाज उतरत जातो. माणसाचे शब्द कळायला लागणारा बहुतेक आवाज त्याच्या वर असतो. पाच रुपयांच्या आतला हा तुकडा भोंगाही राखतो, बॅटरीही राखतो, आणि शब्द स्वच्छ येतात. पुढे गाण्यासाठी कागदी स्पीकर लावायचा झाला तर तो काढून टाकावा.

बोर्डाच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरडचा एक आणि १०४ छापलेला एक कपॅसिटर डाखावा. चार इंच लांब नको. आयसी वीज घोटाघोटाने ओढतो, तो घोट पायाशीच तयार हवा. बॅटरीची वायर जाड आणि आखूड ठेवावी.

आयसी आणि भोंगा यांच्यातली वायरही आखूड आणि पिळलेली हवी. त्या वायरीतून २ लाख ६० हजारांची उघडझाप जात असते. वायर लांब झाली की ती एरियलसारखी काम करते आणि शेजारच्या रेडिओत खरखर येते. पुराच्या रात्री मध्यम लहरीवर बातम्या लावल्या असतील तर हे महागात पडेल. म्हणून बोर्ड भोंग्याजवळ ठेवावा आणि लांब वायर बीसी ५४७ नंतरची, जाळी असलेली घ्यावी. माईक भोंग्याच्या मागे धरावा. समोर आला की भोंगा शिट्टी मारतो.

पहिल्यांदा चालू करताना व्हॉल्यूम पूर्ण खाली ठेवावा. भोंगा न लावता, बॅटरीच्या वाटेत मल्टिमीटर घालून करंट पाहावा. दहा-वीस मिलिअँपिअर दिसले तर ठीक. शंभराच्या पुढे गेला तर लगेच बंद करून डाख तपासावा. 

कायदा आणि रीत

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो लावता येत नाही. सार्वजनिक संकटाच्या प्रसंगाला मात्र या रात्रीच्या बंदीतून सूट आहे. तरीही पावसाळ्याआधी ग्रामपंचायत आणि पोलीस पाटलांच्या कानावर घालावे, आणि हा भोंगा लग्नावरातीला देऊ नये. रोज वाजणाऱ्या भोंग्याकडे संकटाच्या रात्री कोणी लक्ष देत नाही.

शेवटी ताई, एक गोष्ट तुमच्यासाठी. आपल्या भागातली मुले आज घरी असतात, उद्या कामाला मुंबई-पुण्याला जातात. आषाढातल्या नेमक्या त्या रात्री तुमचा मुलगा वाडीत असेलच असे नाही. म्हणून पेटी बनवून झाली की पहिल्यांदा ती तुम्ही चालू करा. बटण कोणते, माईक कसा धरायचा, चार्जिंग कधी लावायचे, हे चार बायांना दाखवा. मे महिन्यापासून दर रविवारी विहारात माणसे जमतील तेव्हा एकदा बोलून पाहा, आणि वाडीच्या शेवटच्या घरात एकीला उभी करा. तिला शब्द कळला तर पेटी तयार झाली. नुसता आवाज पोचला आणि शब्द कळला नाही, तर आम्हाला पुन्हा लिहा, आपण मिळून दुरुस्त करू.

जळालेले दोन बोर्ड फेकू नका. पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा आणि खाली लिहा : १२ व्होल्ट देऊ नये, काळी वायर निगेटिव्हला लावू नये. पुढे जो कोणी ही पेटी उघडेल, त्याचे पैसे वाचतील.